मनाचा पहिला दवाखाना : आपले घर

जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि मनाला जाणवणारी ओळख वेगळी असणाऱ्या व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. काहीजण तर स्वतःला पुरुषही मानत नाहीत आणि स्त्रीही मानत नाहीत. हा मानसिक आजार आहे काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या व २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात ही ओळख मानसिक विकारांत मोडत नाही.

मग अशा व्यक्तींना नैराश्य का येते? त्यास टिंगल, मारहाण, अर्धवट सुटलेली शाळा आणि बंद झालेले घराचे दार कारणीभूत आहे. मन खचते ते अपमानाने, ओळखीने नव्हे. म्हणून पहिला उपचार घरातच झाला पाहिजे.

लेकराने मन मोकळे केले तर आधी ऐकून घ्यावे. ते सांगेल त्या नावाने हाक मारावी. बुवा-बाबांकडे नेऊ नये. ‘लग्न केले की सुधारेल’ या समजुतीने दोन आयुष्यांची माती होते. झोप उडाली, जेवण तुटले, मरणाची भाषा आली तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांच्या अर्जांत त्यासाठी रकाना ठेवण्यास सांगितले. कागदावर जागा झाली. आता ती आपल्या घरात व वस्तीत करू या.