प्रौढ स्त्री आणि वाणीचे यंत्रशिक्षण : भोर व वेल्हे यांच्या संदर्भात

तंत्रविषयक व्यवसायात पन्नाशीच्या सुमारास पदार्पण करणाऱ्या स्त्रीपाशी उपयुक्त पूर्वानुभव नसतो, असे सामान्यतः मानले जाते. यंत्रास मानवी भाषा शिकविण्याच्या कामात मात्र हे मत टिकत नाही. वाणी ओळखणाऱ्या यंत्रणेस अनेक वक्त्यांचे ध्वनिमुद्रण व त्याचे शब्दशः लेखन लागते. २०१७ साली मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधनशाखेत आरंभ झालेल्या आणि २०२१ साली स्वतंत्र झालेल्या ‘कार्या’ या संस्थेने असे काम अल्प उत्पन्नाच्या लोकांस मोबदला देऊन मोबाइलवर उपलब्ध केले. पुणे शहरात पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीनेही मराठी गोष्टी वाचून असे मुद्रण केले आहे.

परंतु छापील मजकूर वाचताना वक्ता प्रमाणभाषेकडे झुकतो. याच जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आजचा राजगड) तालुक्यांच्या डोंगराळ भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, पुढे रोपांची आवणी करणे, यांविषयीचे स्वाभाविक बोलणे वाचनातून हाती येणार नाही. ते संभाषणातूनच मिळेल. तेथे ही कामे आयुष्यभर केलेली स्त्रीच अधिकारी वक्ता होय. अक्षरओळख बेताची असली तरी तिचे अडत नाही.

तथापि काही तासांच्या मुद्रणास व्यवसाय म्हणता येणार नाही. लेखनाची तपासणी, शब्दार्थांची नोंद व इतर वक्त्यांचे मार्गदर्शन ही कामे तिच्याकडे सोपविली गेली आणि त्यांचे श्रेय तिच्या नावे नोंदले गेले, तरच ती या क्षेत्रातील व्यावसायिक ठरेल.