घरचा कॉम्प्युटर नागपुरातून उघडा, पण किल्ली आपल्याच हाती ठेवा

तायांनो, बँकेच्या कामाला नागपूरला जायचं म्हटलं की अर्धा दिवस एसटीतच जातो. तिथं पोहोचल्यावर साहेब विचारतात, "गटाचा ठराव कुठाय? मागच्या वर्षीचा हिशोब कुठाय?" आणि ती फाईल राहते काटोलला नाही तर उमरेडला, घरच्या कॉम्प्युटरमध्ये! अशा वेळी हातातल्या मोबाईलवरून घरचा कॉम्प्युटर उघडता येतो. याला 'रिमोट अ‍ॅक्सेस' म्हणतात. घरच्या स्क्रीनचं चित्र इंटरनेटवरून मोबाईलवर दिसतं. आपण बोट इथं फिरवतो, काम तिथं होतं.

कसं लावायचं?

गूगलचं 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' फुकट मिळतं.

१. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडून जीमेलने लॉगिन करा. 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' शोधा. पान गूगलचंच आहे ना, हे पत्ता वाचून तपासा.

२. 'सेट अप रिमोट अ‍ॅक्सेस' निवडा, प्रोग्राम उतरवून घ्या, कॉम्प्युटरला नाव द्या.

३. किमान ६ आकडी पिन ठेवा. १२३४५६ किंवा जन्मतारीख नको.

४. कॉम्प्युटर आपोआप झोपी जाऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये 'पॉवर' इथं 'स्लीप'ला 'नेव्हर' करा.

५. मोबाईलमध्ये हेच अ‍ॅप घेऊन त्याच जीमेलने उघडा आणि पिन टाका.

फाईल सापडली की घरच्या कॉम्प्युटरवरूनच ई-मेल करा. एक ध्यानात ठेवा: घरी लाईट गेली किंवा नेट बंद पडलं तर काही उघडणार नाही. म्हणून निघण्याआधी घरूनच एकदा करून पाहा.

किल्ली कोणाकडे?

कॉम्प्युटरमध्ये गटाचा हिशोब असेल, तर जीमेल आणि पिन कोणाकडे राहणार ते बैठकीत ठरवा आणि ठराव लिहा. जीमेलला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' लावा. लेखापाल ताई बदलल्या की त्याच दिवशी पासवर्ड आणि पिन बदला. यात कोणावर संशय नाही. तिजोरीची किल्ली बदलतो, तसंच हे.

ओळखीच्या माणसाकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून घ्यायचा असेल तर कायमचा पिन देऊ नका. याच प्रोग्राममध्ये १२ आकडी तात्पुरता कोड मिळतो. तो एकदाच चालतो. काम होईपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहा आणि झालं की जोडणी बंद करा.

चोर हीच वाट वापरतो

"आज रात्री तुमची लाईट कापणार", "केवायसी संपली" असा फोन येतो. मग गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला लावतात आणि स्क्रीनवरचा नंबर विचारतात. ही अ‍ॅप्स खोटी नाहीत, कामाचीच आहेत. पण तो नंबर सांगून परवानगी दिली की आपला मोबाईल त्याला दिसायला लागतो. ओटीपीसुद्धा दिसतो, मग आपण तोंडाने सांगितला नाही तरी काय उपयोग? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

म्हणून नियम साधा ठेवा. आपण होऊन, आपल्या कामासाठी लावलं तर ठीक. समोरच्याने फोन करून लावायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

चुकून लावलंच, तर आधी मोबाईलचं नेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायला सांगा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार द्या. मग अ‍ॅप काढून टाका. घरचे रागावतील म्हणून लपवू नका. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या मोबाईलमध्ये असं अ‍ॅप आहे का ते पाहावं. कोणी टाकलं, कशाला टाकलं, हे सांगता येत नसेल तर तिथंच काढून टाका.