नाव न विचारणारी पेटी

शाळेच्या व्हरांड्यात कुलूप लावलेली तक्रारपेटी असते. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांना या पेट्यांबद्दल पुन्हा बजावले. पेटीचे सगळे सामर्थ्य एकाच गोष्टीत आहे: चिठ्ठी टाकणाऱ्याला ती काहीही विचारत नाही. वेबसाइटवरच्या अभिप्रायाच्या चौकटीतही हा गुण असायला हवा, पण सहसा तो नसतो. चौकट दिसते साधी, मात्र पाठीमागे ती आयपी पत्ता टिपते, कुकी ठेवते, कधी माऊसची हालचालसुद्धा नोंदवते. पान पाहणाऱ्याची प्रत्येक हालचाल टिपणारी साधने कितीतरी मोठ्या संकेतस्थळांवर चालतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. लिहून खोडलेला, कधीच न पाठवलेला मजकूरही त्यांपैकी काही साधनांकडे पोहोचत होता.

याहून सभ्य साधन एकटा माणूस सोलापुरात बसून करू शकतो. एकट्याने केलेल्या कामाचे मोल या जिल्ह्याला सांगायला नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. छापील कोडची एक बाजू आपल्या विषयाच्याही कामाची आहे. हजार प्रतींवर एकच कोड असेल, तर तो कोणी उघडला हे कोडवरून कळत नाही. त्यामुळे एखाद्या चादरीच्या दुकानाने बिलावर अभिप्रायाचा कोड छापताना सगळ्या बिलांवर तोच छापावा. त्यात बिल क्रमांक घातला की गिऱ्हाइकाने नाव लिहिले नाही तरी ते उघड झालेच.

साधनाचा गाभा फार छोटा आहे: मजकुराची एक चौकट, उत्तर हवे असल्यास फोनसाठी ऐच्छिक जागा आणि एक बटण. साठवायला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते. तिची सुरक्षित प्रत काढणे म्हणजे तीच फाइल दुसरीकडे ठेवणे, आणि एकट्या माणसाला हे झेपते. कष्ट लागतात ते गळती शोधायला. सर्व्हर स्वतःहून नोंदवही लिहीत असतो आणि प्रत्येक भेटीचा आयपी पत्ता तिच्यात उतरतो. ते बंद करावे लागते. सुबक अक्षरांसाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फाँट घेतला, तर वाचकाचा पत्ता तिकडे जातो. याच कारणावरून म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये एका संकेतस्थळाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली होती. तेव्हा फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवावा.

निरर्थक संदेशांचा मारा मात्र थोपवावा लागतोच. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवला की यंत्रे तो भरतात आणि पकडली जातात. एकाच ठिकाणाहून होणारा भडिमार ओळखायला पत्त्याचा हॅश, म्हणजे त्याच्यापासून गणिताने काढलेली खूण, काढतात. पण नुसता हॅश फसवा असतो, कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते आहेतच जेमतेम ४२९ कोटी. साधा संगणकही ते सगळे तपासून मूळ पत्ता शोधू शकतो. म्हणून हॅशमध्ये एक गुप्त संख्या मिसळायची आणि ती रोज बदलून जुनी पुसून टाकायची. प्लॉझिबलसारखी भेटी मोजणारी साधने हीच रीत वापरतात.

इथवरचे काम जगात कुठेही सारखेच. सोलापूरचा प्रश्न पुढे सुरू होतो. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलते. उर्दू उजवीकडून लिहितात, तेव्हा चौकटीने मजकूर पाहून दिशा ठरवायला हवी. मर्यादा घालतानाही जपावे लागते. ‘सोलापूर’मध्ये डोळ्याला चार अक्षरे दिसतात, युनिकोड सात चिन्हे मोजतो आणि साठवणीत एकवीस बाइट जातात. बाइटांत मर्यादा घातली, तर इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळते त्याच्या तिसरा हिस्सा जागा आपल्या माणसाला मिळते. हा अन्याय आहे, आणि तो निव्वळ दुर्लक्षातून होतो.

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. टॉवेलच्या छोट्या कारखान्याने कामगारांसाठी अशी चौकट ठेवली, समजा. रात्रपाळीत तेलुगू लिहिणारा एकच जण असेल, तर तेलुगूत आलेली तक्रार कोणाची हे मालकाला लगेच कळेल. नाव घेतले नाही, कुकी ठेवली नाही, तरी माणूस सापडलाच. मिनिटासकट नोंदवलेली वेळही तशीच घातक, अनुक्रमांकही तसाच. माझ्या मते या साधनाची खरी कसोटी इथे लागते. वेळ न ठेवता फक्त आठवडा ठेवावा, क्रमांक यादृच्छिक द्यावेत आणि आठवडाभराचे संदेश एकत्र करून, क्रम मोडून मालकाला दाखवावेत. लिहिणाऱ्याला वाटल्यास मजकुराचे भाषांतरच पुढे जाईल, अशीही सोय हवी. ते भाषांतर आपल्याच सर्व्हरवर झाले पाहिजे, नाहीतर पुन्हा मजकूर तिसऱ्याच्या हाती गेला.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचता यावी, असे तो सांगतो. सोलापूरच्या चारही भाषा त्या परिशिष्टात आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एकट्याने काम करणाऱ्याला एवढे ओझे पेलणार नाही. माहितीच कमी गोळा करणे हा त्याच्या आवाक्यातला उपाय आहे.

मग नाव-पत्ता नसलेल्या माणसाला उत्तर कसे द्यायचे? संदेश पाठवताच पडद्यावर एक लांब यादृच्छिक खूण दाखवायची. लिहिणाऱ्याने ती जपून ठेवली, तर नंतर ती टाकून उत्तर वाचता येईल आणि दोन्हीकडून बोलणे चालू राहील. खूण हरवली तर परत मिळणार नाही. ती मिळवून देणारे बटण ठेवायचे तर फोन किंवा ईमेल मागावा लागेल. खूण परत न मिळण्याची ही अट चारही भाषांत, ‘पाठवा’च्या वर, मोठ्या अक्षरांत लिहिलेली हवी.