नकार, पण गोड!

'लेक गोड आहे गं तुझी, पण मी नाही घेऊ शकत.' कोथरूडच्या पाळणाघरवाल्या काकूंनी पाच मिनिटांत विषय संपवला. हातात पोह्यांची बशी, डोक्यावर डेडलाइन आणि माझा चेहरा पडलेला!

2017 मध्ये नोकरदार आईची पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. 50 किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला पाळणाघराची सोयही सक्तीची झाली. पण फ्रीलान्सरला कुठलं आलंय ऑफिस?

काकूंचं गणित साधं. दोन खोल्या, एक मदतनीस, सहा मुलं, त्यातली दोन रांगती. 'सातवं घेतलं तर कुणाकडे तरी दुर्लक्ष होणारच. ते तुझंच असलं तर?'

'बघू', 'कळवते' असलं काही नाही. कारण सांगितलं, जूनमध्ये एक जण शाळेत जाईल तेव्हा जागा होईल म्हणाल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या एकींचा नंबर दिला. वर बजावलं, 'आधी डोळ्यांनी बघ, मग ठरव.'

मी मात्र कुणाला नाही म्हणायचं असलं की फोनच उचलत नाही!

जूनसाठी नाव लिहून आलेय. सातव्याला नाही म्हणणाऱ्या बाईकडेच लेकीला बिनधास्त ठेवता येईल, नाही का?