शोध घेणे आणि शोध लागणे : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धांतराचा भाषिक विचार

आंबेगाव तालुक्यातील पेठ किंवा मंचर या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याची गाय चुकली, तर तो गाय सापडल्यावर सांगतो की, दोन दिवस तपास केला आणि तिसऱ्या दिवशी तपास लागला. शिष्ट मराठीत आपण हेच ‘शोध घेतला’ व ‘शोध लागला’ या शब्दांत सांगू. दोन्ही वाक्यांत नाम एकच आहे. बदलते ते क्रियापद. परंतु या बदलाबरोबर वाक्याची सारी घडण बदलते. शोध घेणारा हा कर्ता आहे; तो केव्हा निघावे, कोठे पाहावे, केव्हा थांबावे हे ठरवितो. शोध लागतो तेव्हा मात्र ‘शोध’ हाच वाक्याचा कर्ता होतो आणि माणूस चतुर्थीत जातो: त्याला शोध लागतो. ‘शोध घे’ अशी आज्ञा करता येते, ‘शोध लाग’ अशी करता येत नाही.

ही जोडी एकटी नाही. झोप घेणे व झोप लागणे, लक्ष देणे व लक्ष लागणे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणजे विश्वास ठेवणे व विश्वास बसणे, अशा कित्येक जोड्या मराठीत आहेत. यांतील पहिले पद संकल्पाचे, दुसरे प्राप्तीचे. धर्मांतरासंबंधी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हा भेद बहुधा लक्षात घेतला जात नाही. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाणे ही एका दिवसाची, नोंदवहीत तारीख लिहिता येण्याजोगी घटना आहे असे समजून समर्थक आणि टीकाकार दोघेही त्या तारखेभोवती वाद घालतात. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या समजुतीला छेद देणारे आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉंटेज येथे झाला. परंतु त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ख्रिस्ताची खरी प्राप्ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास झाली. हा आठ वर्षांचा काळ म्हणजे ‘ठेवणे’ आणि ‘बसणे’ यांमधील अंतर होय, असे मांडण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम शोधाचा मार्ग पाहू. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस आणि मुलींस संस्कृत शिकविण्याचे धारिष्ट केले आणि पुढे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत ते देशभर फिरले. दुष्काळाच्या काळात आईवडील व थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच कलकत्त्यात ख्रिस्ती धर्मग्रंथाशी त्यांची पहिली गाठ पडली, आणि ती संस्कृतातून पडली. ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीला ते वाचवेना. ग्रंथ संस्कृतात होता खरा, पण हे संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते. ते वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय असे त्यांना वाटल्याचे त्यांनी पुढे नमूद केले आहे. भाषांतराच्या अभ्यासकांनी या प्रसंगाचे मनन करावे. विद्वानांसाठी म्हणून विद्वानांच्या भाषेत केलेले भाषांतर ज्या एका वाचकापाशी निश्चित पोहोचावयास हवे होते, तिच्यापाशीच ते पोहोचले नाही.

याच काळात केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचे अध्ययन करण्यास सुचविले, आणि त्या धर्मशास्त्रेही वाचू लागल्या. परस्परांशी अनेक बाबतींत विसंगत असलेली शास्त्रे स्त्रीची निंदा करण्यात आणि स्त्रीशूद्रांना मोक्षाचा थेट अधिकार नाकारण्यात मात्र एकमताने बोलतात, हे त्यांना तेथे उमगले. त्यांच्या शोधाचा आरंभ येथे आहे. तो परदेशी धर्माच्या ओढीने झालेला नसून घरच्याच ग्रंथांच्या वाचनातून उठलेल्या एका प्रश्नाने झाला आहे.

१८८० मध्ये भावाच्या निधनानंतर त्यांचा विवाह बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी झाला. आसामात सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका आढळली. संस्कृत बायबलाने जे साधले नव्हते ते या लहानशा पुस्तिकेने साधले. रमाबाईंचे चित्त तिच्याकडे ओढले गेले. एका बाप्तिस्त मिशनऱ्याकडून त्या अधिक माहिती घेऊ लागल्या, पतीला मात्र हे रुचले नाही. १८८२ च्या आरंभी पती वारले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाचे लेखन ही कामे चालू असतानाच मिस हरफर्ड या मिशनरी बाईंबरोबर त्या मराठीतून नवा करार वाचीत होत्या. संस्कृत, मग बंगाली, मग मराठी: ग्रंथ तोच, परंतु भाषेची प्रत्येक पायरी शास्त्रसभेकडून घराच्या माजघराकडे उतरणारी.

१८८३ मध्ये वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉंटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. तेथे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे लंडनजवळ फुलहॅम येथे पतित समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना शास्त्राने दंड सांगितला असता हे लोक त्यांची सेवा का करितात, असा प्रश्न त्यांनी केला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. दुसरी गोष्ट म्हणजे नीलकंठशास्त्री, पुढे नेहेम्या, गोरे यांचे लेखन. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेला हा चित्पावन नैयायिक खंडनमंडनाच्या शास्त्रीय पद्धतीने लिहीत असे. रमाबाईंच्या बौद्धिक शंका त्यांच्या लिखाणाने फिटल्या. फुलहॅमने मन वळले, गोऱ्यांनी बुद्धीचे समाधान केले, आणि रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ‘बाप्तिस्मा घेतला’, ‘धर्म स्वीकारला’, ‘विश्वास ठेवला’: या सर्व प्रयोगांत रमाबाई तृतीयेत आहेत, क्रिया त्यांनी केलेली आहे.

येथे कोणी म्हणेल की, हे द्वैत उत्तरकालीन आहे. ज्या ‘साक्षी’त रमाबाई आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता अशा आशयाचे प्रतिपादन करितात, ती १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्या सुमारास इव्हँजेलिकल पंथात आत्मनिवेदनाचा एक ठरीव साचा रूढ होता: पूर्वीचा अंधार, मग एक निर्णायक क्षण, मग प्रकाश. जुन्या अनुभवावर हा साचा मागाहून बसविला गेला असणे अशक्य नाही. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आत्मनिवेदनातून नव्हे, समकालीन कागदपत्रांतूनच दिले पाहिजे. सुदैवाने तसा पुरावा आहे. वॉंटेजच्या सिस्टर जेरल्डीन आणि चेल्टनहॅम येथील विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. १८८४ ते १८८६ या काळातील या पत्रांत नवदीक्षित स्त्रीचा नम्र होकार आढळत नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, अथनासियसचा मतांगीकार या सर्वांवर त्या शंका घेतात. पुरोहितांच्या एका जोखडातून सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्यास आपण सिद्ध नाही, असे त्या स्पष्ट बजावतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे असलीच पाहिजेत या आग्रहालाही त्यांचा विरोध होता. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे आमच्या संस्कृतात नाही, असा त्यांचा रोख होता. १८९१ पूर्वीची ही अस्वस्थता म्हणून पश्चाद्बुद्धीने रचलेली नाही. ती त्या त्या तारखेच्या पत्रांत आहे. आत्मनिवेदनाचा साचा उसना असेल, पण त्यात ओतलेला अनुभव स्वतःचा आहे, एवढे निश्चयाने म्हणता येते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि मिळालेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. या काळात ख्रिस्ती पंथोपपंथांची परस्परविरोधी मते पाहून आपण गोंधळून गेल्याचे त्या सांगतात. अखेर विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील दीक्षित पाद्री. १८५१ मध्ये स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन करीत असता त्यांना आपली श्रद्धा केवळ नावाची असल्याची जाणीव झाली. हे पुस्तक रमाबाईंच्या वर्मी लागावे यात नवल नाही. धर्म सांगणाऱ्या माणसाला धर्माचा शोध लागलेला नसू शकतो, ही गोष्ट पुराणिकाच्या मुलीला इतर कोणाहीपेक्षा अधिक समजण्यासारखी होती. त्यानंतर आपल्या योग्यतेचा हिशेब सोडून त्या कृपेवर विसंबल्या. ‘विसंबणे’ हे क्रियापद येथे मुद्दाम योजिले आहे. त्यात माणूस आपला भार दुसऱ्यावर टाकतो. कर्ता असूनही तो कर्तृत्व सोडतो.

या परिवर्तनाची किंमत रमाबाईंना आणि इतरांनाही द्यावी लागली. ती न सांगता केलेले विवेचन एकांगी होईल. शारदा सदन हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठविल्या होत्या, आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार म्हणून आपले नाव दिले होते. रमाबाईंची प्रार्थना आता मोकळ्या दाराने होऊ लागली आणि काही मुली तीत येऊन बसू लागल्या. येणाऱ्या मुलींना घालवून देणे हे आपल्या विश्वासाशी प्रतारणा होईल असे रमाबाईंना वाटले. त्यांना येऊ देणे हा आपल्याशी विश्वासघात आहे असे पालकांना वाटले. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि कित्येक मुली काढून नेण्यात आल्या. देवावरचा विश्वास आणि माणसांनी टाकलेला विश्वास या दोहोंसाठी मराठीत शब्द एकच आहे, आणि त्या वर्षी पुण्यात हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. रमाबाईंची बाजू प्रामाणिक होती. पालकांचीही तक्रार निराधार नव्हती. आजच्या वाचकाने यांतील एकाच पक्षाचे वकीलपत्र घेण्याची घाई करू नये.

त्यापुढील कार्यक्षेत्र केडगावचे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली व विधवा दौंड तालुक्यातील या खेड्यात वसल्या. या वसाहतीचे नाव मुक्ती. शास्त्रांनी जो शब्द स्त्रीच्या आवाक्याबाहेर ठेवला होता तोच रमाबाईंनी स्त्रियांच्या घराला दिला. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते केडगावच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ मध्ये बाहेर आला. अल्पशिक्षित खेडवळ स्त्रीला समजेल अशी साधी भाषा हे या भाषांतराचे धोरण होते. कलकत्त्यात संस्कृत बायबल मिटून ठेवणारी पंडिता आणि केडगावात साधा मराठी प्रतिशब्द शोधीत बसलेली पंडिता यांच्यामध्ये सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. पांडित्य तेच होते. ते कोणाच्या कामी यावे हे मात्र बदलले होते.

रमाबाईंचा मार्ग हा मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा एकमेव मार्ग नव्हे. १८५४ मध्ये दीक्षा घेणाऱ्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या १८८४ च्या आत्मचरित्रात शाळा, ग्रंथ आणि वादविवाद यांतून झालेला आपला प्रवास सांगितला आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत आलो असे मानीत आणि अभंग, ओवी, भजन यांना त्यांनी अंतर दिले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त तर बदल दिसतो तो तत्त्वचर्चेत नव्हे, सोवळ्याओवळ्यात: माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही हे एके दिवशी मनाला पटते आणि कोणाच्याही हातचे पाणी चालेल असे ठरते, पाण्याचा संस्कार त्याच्या मागून येतो. येथेही ‘पटणे’ आधी आणि ‘घेणे’ नंतर आहे. रमाबाईंचा क्रम याच्या नेमका उलट होता.

या चौघांच्या लेखनातील क्रियापदांची पद्धतशीर नोंद झाल्यास, कोणी केव्हा स्वतःस कर्ता मानले आणि केव्हा चतुर्थीत ठेवले, हे अधिक काटेकोरपणे सांगता येईल. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय पुरेसा आहे. मात्र तसे काम करणाऱ्याने रमाबाईंची ‘साक्ष’ मुळात इंग्रजीत आहे हे विसरू नये. त्या भाषेत शोधणाराच सापडविणाराही असतो, दोन्ही क्रियांचा कर्ता एकच राहतो. तिच्या मराठी अनुवादांत ‘मी ख्रिस्त शोधून काढला’ अशा धर्तीची रचना येते की ‘मला ख्रिस्त सापडला’ अशी, हे प्रथम तपासावे लागेल. कारण त्या निवडीत अनुवादकाचाही विश्वास गुंतलेला असतो.