दुखणारा जबडा, अडणारा श्वास

झोपेत मूल कराकरा दात खाऊ लागले की त्याच्या पोटात जंत झाले आणि घरातला मोठा माणूस दणक्यात घोरू लागला की त्याला गाढ झोप लागली, हे दोन निष्कर्ष कोकणातल्या अनेक घरांत अजूनही न तपासता मान्य होतात. पण दात खाणे, घोरणे आणि सकाळी उठल्यावर दुखणारी कानशिले यांचे धागे पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले असतात. जबडा दुखणारा माणूस दंतवैद्याकडे जातो. झोपेत श्वास अडणारा, गेलाच तर, छातीच्या डॉक्टरकडे जातो. तक्रारी एकाच देहाच्या, पण त्या दोन दारांत वाटल्या जातात. जबड्याच्या सांध्याचे दुखणे घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्याच्या झोपेविषयी विचारायलाच हवे, असे म्हणण्याइतका पुरावा आता हाती आहे.

आधी शरीराची रचना पाहू. खालचा जबडा कानांपुढच्या दोन सांध्यांवर हलतो आणि जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. उताणे झोपल्यावर स्नायू सैलावतात, जबड्याबरोबर जीभही मागे सरकते आणि घशातली वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. वाट मिटली की श्वास थांबतो. किमान १० सेकंदांचे असे अडथळे तासाला ५ किंवा अधिक आले तर तो स्लीप ॲप्निया, आणि ३० किंवा अधिक आले तर तीव्र ॲप्निया. सांध्याचा आणि श्वासाचा संबंध सर्वांत उघडपणे दिसतो तो मुलांमध्ये. जांभ्याच्या पायरीवर किंवा झाडावरून हनुवटीवर पडलेल्या मुलाची जखम शिवली जाते, पण कानापाशी सांध्याला बसलेला मार ध्यानात येत नाही. क्वचित पुढे तो सांधा हाडाने जखडतो, तोंड उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटते आणि हनुवटी आत राहिल्याने झोपेत श्वास अडू लागतो. म्हणून अशा मुलांत काही वेळा शस्त्रक्रियेने आधी जबडा लांबवतात आणि मग सांधा मोकळा करतात.

मोठ्यांचे सांधेदुखणे बहुधा इतके ठळक नसते. तोंड उघडताना कट्कट आवाज, चावताना कळ, डोके जड, एवढेच. तरी तिथेही आकडे बोलके आहेत. अमेरिकेतील ‘ओपेरा’ या अभ्यासात १८ ते ४४ वयाच्या, जबड्याचे दुखणे नसलेल्या सुमारे २,६०० जणांचा पाठपुरावा केला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्यात सुरुवातीलाच ॲप्नियाची लक्षणे होती, त्यांना पुढे हे दुखणे जडण्याचा धोका सुमारे पाऊणपट अधिक होता. मुळात ॲप्निया आपल्याकडेही दुर्मिळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना लक्षणांसह हा विकार असल्याचे आढळले.

यावर आक्षेप येतो की, दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दुखणाऱ्या माणसाला झोप लागणार तरी कशी? आक्षेप रास्त आहे. पण ‘ओपेरा’त झोपेची लक्षणे आधी होती आणि दुखणे नंतर आले. याने कार्यकारण सिद्ध होत नाही. मात्र सगळा दोष दुखण्याच्या माथी मारण्याची सोय उरत नाही. मोडलेली झोप वेदना सोसण्याची शक्ती घटवते, हेही ठाऊक आहे. दुसरा आक्षेप असा की, जबड्याचे दुखणे स्त्रियांत अधिक आणि ॲप्निया पुरुषांत. मग मेळ कसा? स्त्रियांतला ॲप्निया अनेकदा घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश आणि सकाळची डोकेदुखी या रूपांत येतो. तो कामाच्या ओझ्याखाती टाकला जातो, म्हणून मोजणीतून निसटतो.

हा संबंध उपचार ठरवताना सर्वांत महत्त्वाचा ठरतो. दात खाणाऱ्याला रात्री वरच्या दातांवर प्लास्टिकची पट्टी देतात. कॅनडातील २००४ च्या एका छोट्या अभ्यासात अशी पट्टी लावलेल्या ॲप्नियाच्या १० रुग्णांपैकी ५ जणांचे श्वासाचे अडथळे दीडपटीहून अधिक वाढले. उलट, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन काहींचा ॲप्निया आटोक्यात आणते. पण त्याने सांधा दुखू शकतो आणि दातांची ठेवण बदलू शकते. म्हणजे एका दाराचे औषध दुसऱ्या दाराचे दुखणे होऊ शकते. म्हणूनच जबडा ‘सरळ’ करून घोरणे कायमचे घालवू, अशा हमीपासून दूरच राहिलेले बरे.

रत्नागिरीच्या माणसाने प्रत्येक दुखऱ्या जबड्यासाठी झोपेच्या तपासणीला मुंबई-पुणे गाठावे, असे कुणी म्हणणार नाही. त्याची गरजही नाही. मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिला आहे का, दिवसा पेंग येते का, रक्तदाब वाढलेला आहे का, हे चार प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. उत्तरे संशय वाढवणारी असतील तरच पुढची तपासणी, आणि ती घरी यंत्र लावूनही होऊ शकते. दंतवैद्याने हे विचारले नाही, तर रुग्णानेच सांगावे. आणि त्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नसल्याने, शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे.