दोन चाकांची ओसरी

आषाढीच्या आधी पंढरपूरकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. टाळ-मृदंग, पताका, डोईवर तुळस घेतलेल्या बाया असे सारे पुढे गेले की मागून धूर सोडीत एक ट्रॅक्टर येतोच, आणि त्याच्या पाठीशी ट्रॉली. पाहणाऱ्याची नजर विणेकऱ्याकडे असते. ट्रॉलीकडे कोण पाहतो? पण दिंडीतल्या माणसाला विचारा! त्याची वळकटी, कोरडे धोतर, पीठ-मीठ, पिण्याचे पाणी हे सगळे तीत असते. वाट संपेपर्यंत तेच त्याचे घर.

आमच्या नरसी नामदेवला दिंडीचे कौतुक सांगायला नको. कयाधूच्या काठचे हे गाव. नामदेवमहाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरा याच गावाचे नाव घेते. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, वारकऱ्यांची इथे दर्शनासाठी रीघ लागते. महाराजांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबची मंडळीही इथे येतात. आणि ट्रॉलीत संसार कसा थाटावा हे त्या लोकांकडून शिकावे. २०२०च्या नोव्हेंबरात पंजाबचे शेतकरी आंदोलनासाठी दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमांवर येऊन बसले, तेव्हा त्यांनी साध्या ट्रॉल्यांवर ताडपत्र्या चढवून त्यांचीच घरे केली आणि कडाक्याची थंडी काढली. तिकडे अमेरिकेत मोटारीमागे जोडायच्या छोट्या फिरत्या घरांचे नकाशे मासिकांतून छापून येत आणि लोक ती घरच्या घरी ठोकून बनवीत. आपल्याकडे नकाशे नाहीत. वेल्डर आहे, सुतार आहे, आणि सल्ला देणारे तर गल्लीगल्लीत आहेत.

आमची दिंडी लहान, चाळीसएक माणसांची. ट्रॉली एका शेतकऱ्याने दिलेली. एरवी तीत हळद आणि सोयाबीन जाते, त्यामुळे त्याची अट एकच : वारी संपली की माझी ट्रॉली होती तशी मला परत मिळाली पाहिजे. म्हणून जे जोडायचे ते नटबोल्टने, वेल्डिंग नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटली. जे सुटे होते ते दुरुस्त होते, आणि पुढच्या वर्षी बदलताही येते.

पहिले काम छपराचे. पूर्वी दमणीवर बांबूच्या कामट्यांची कमान करून वर ताट्या टाकीत. तेच इथे लोखंडी पाइपांनी करायचे. बाजूच्या फाळक्यांवर बोल्टने नळकांडी बसवावीत आणि त्यांत पाच कमानी खोवाव्यात. मात्र मधोमध घराला असते तसे आढे हवे आणि दोन्ही बाजूंना उतरती पाख हवी. सपाट छपराचा मोह पुष्कळांना होतो, कारण वर गाद्या टाकता येतात. पण हिशेब करून पाहा. दहा फूट बाय सहा फुटांच्या ताडपत्रीवर एक इंच जरी पाणी साचले तरी त्याचे वजन सुमारे १४० किलो भरते. दोन गडी डोक्यावर नाचताहेत असे समजा! ताडपत्रीच्या कड्या थेट दोरीने आवळू नयेत. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे घालावेत. वाऱ्याचा हिसका ट्यूब सोसते, ताडपत्री फाटत नाही.

मग ओसरी. ताडपत्रीचा एक पदर मोकळा ठेवायचा आणि मुक्कामाला तो दोन बांबूंवर ताणायचा. पावसात पंधरा माणसे त्याखाली सुखाने भाकरी खातात. पण ओसरी कोणत्या बाजूला? याचे उत्तर एकच : डावीकडे. आपली वाहने डाव्या कडेला थांबतात. डावी बाजू शेताकडे येते, उजवी रहदारीकडे. नळ, शिडी, कंदिलाची खुंटी, जे जे म्हणून माणसाला ट्रॉलीजवळ खेचते ते सारे डावीकडेच हवे. एका दिंडीच्या ट्रॉलीचे नळ मी उजव्या बाजूला पाहिले आहेत. पहाटे तोंड धुणाऱ्या म्हाताऱ्या बायांच्या पाठीला लागून मालट्रक जात होते. ते दृश्य आजही आठवले की अंगावर काटा येतो.

पाण्याच्या टाकीचेही शास्त्र आहे. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो. ती ट्रॉलीच्या अगदी मागे ठेवली की पुढची दांडी उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि चिखलात घसरतात. फार पुढे ठेवली तर सारा भार जोडपिनेवर येतो. आसाच्या किंचित पुढे, हीच तिची जागा. तिथून नळी काढून बाहेर चार तोट्या. मुक्कामाला ट्रॅक्टर सोडून नेला तर दोन चाकांची ट्रॉली तराजूसारखी वागते, मागे चार जण चढले की पुढची दांडी आकाशात! म्हणून पुढे भक्कम पाय आणि मागे दोन टेकू, आणि चाकांना दगड. चालत्या ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, हे तर कायद्याचेच सांगणे आहे. थकलेल्यांसाठी आम्ही जीप ठेवतो.

पताकेवरून मात्र आमच्यात जुंपली. पोरांना ती वीस फुटांच्या काठीवर हवी होती. रस्त्यावर ठिकठिकाणी विजेच्या तारा लोंबतात, आणि ओला बांबूही वीज वाहतो. अखेर विणेकरी बुवांनी निकाल दिला : “पताका देवाची, पण तार विजेची. देव समजून घेईल, तार घेणार नाही.” काठी कमानीच्या वर हातभर, त्याहून जास्त नाही, असे ठरले. कर्ण्याच्या पेट्याही छपरावरून खाली आल्या. उंचावरचे वजन वळणावर ट्रॉली कलंडवते.

रंग, झिरमिळ्या, नामदेवमहाराजांचे चित्र ही कामे मुलांनी हौसेने केली. त्यांच्याबद्दल काय लिहायचे! ती सर्वांना दिसतात. जे दिसत नाही त्याबद्दल लिहितो.

दिंडी पहाटे अंधारात हलते आणि ट्रॉली त्याच अंधारात पुढच्या मुक्कामाला निघते. तिचा वेग तो काय? मागून येणारा ट्रकवाला रात्रभर जागा असतो. एकदा असाच एक ट्रक आमच्या फाळक्यापासून दोन हातांवर करकचून थांबला. चालक खाली उतरला, थरथरत होता बिचारा. त्याने शिवी दिली नाही, इतकेच म्हणाला, “काहून दिवा नाही हो, माउली?” दिवा होता, पेटलेलाही होता. पण सामानाच्या गर्दीने मागचा फाळका उघडा ठेवला होता, तो खाली लोंबून दिव्यावर आला होता, आणि वरून ताडपत्रीचा पदर.

तेव्हापासून मागचे दोन लाल दिवे फाळक्याच्या बाहेर, दोन्ही कडांना पट्टी ठोकून बसवले आहेत. चमकणारी पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. आणि फाळक्याच्या आतल्या अंगालाही लाल पट्टी आहे, कारण तो खाली सोडला की आतले अंगच मागच्याला दिसते. तिच्यावर धूळ-चिखल बसला की ती मुकी होते, म्हणून रोज संध्याकाळी ओले फडके. ताडपत्रीचा मागचा पदर दोरीने गुंडाळून वर.

गेल्या वारीत ही तपासणी आठवीतल्या एका मुलाकडे होती. ट्रॉली निघण्याआधी तो पन्नास पावले मागे जाई, डोळ्याशेजारी टॉर्च धरून पाही आणि ओरडे, “दिसतंय, बुवा!” त्याची हाक आल्याखेरीज ट्रॅक्टर गिअरमध्ये पडत नसे.